मशीन किती क्विंटलाचे?

सोलापूर रस्त्याने पुण्याला येणारी एस.टी. हडपसरच्या गाडीतळावर निम्मी रिकामी होते. उतरणारे बहुतेक आपल्याच मुलखातले असतात. कुणी लेकीकडे आलेले, कुणी भावाकडे, कुणी कामाच्या शोधात. पिशवीत ज्वारीचे पीठ, शेंगा, एखादी गोधडी. गोंधळेनगर, ससाणेनगर, काळेपडळ, तिकडे मांजरी-फुरसुंगी या भागातल्या दहा-बाय-बाराच्या खोल्यांतून सोलापूर, धाराशिव, लातूर, बीडकडची इतकी माणसे राहतात की, गल्लीच्या तोंडाशी घटकाभर उभे राहिले तर कोणत्या तालुक्यात किती पाऊस झाला हे रेडिओच्या आधी कळावे. पलीकडे मगरपट्टा. तिथल्या शंभरावर शेतकरी कुटुंबांनी जमीन फुंकून न टाकता एकत्र केली आणि २००० सालाच्या सुमारास तिच्यावर शहर उभे करायला घेतले. ती गोष्ट निराळी आहे, कधी सवडीने सांगू. आजची गोष्ट त्या बाजूला फाटकावर बारा तास उभे राहणाऱ्या एका पहारेकऱ्याच्या घरातली आहे.

त्या घरातल्या बाईंचे नाव आम्ही छापत नाही. माहेर बीड जिल्ह्यातले, कोरडवाहू, कापूस आणि ज्वारीचे. गावात असताना शिवणकाम शिकलेल्या. हडपसरला आल्यावर सासूच्या जुन्या काळ्या पायडल मशीनवर गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज, परकर, पोरींचे फ्रॉक शिवायला लागल्या. काम चांगले, हात साफ. मग एके दिवशी एका दुकानात त्यांनी कॉम्प्युटरचे भरतकामाचे मशीन चालताना पाहिले. दुकानदाराने बटण दाबले आणि कापडावर आपोआप मोर उमटला. शिलाईही त्यावरच होते, भरतकामही त्यावरच. किंमत ७२ हजार. भावाने कापूस घातल्यावर ४० हजार दिले, उरलेले ३२ हजार हप्त्याने.

आम्ही गेलो तेव्हा मशीन आणून आठ महिने झाले होते. मशीनवर चादर, चादरीवर पोरांची दप्तरे. बाई दाराशी उजेडाला काळ्या मशीनवरच ब्लाउज शिवत बसल्या होत्या.

या गोष्टीत कुणी लबाड नाही. मशीन चांगले आहे, बिघडलेले नाही. भावाने प्रेमाने दिले. बाई आळशी तर मुळीच नाहीत. मग मशीन चादरीखाली का गेले? आम्ही त्या घरात बसून वही-पेन्सिल घेतली आणि कापसाचा उत्पादन खर्च मांडतो तसा हिशेब मांडला. तो इथे देत आहोत, कारण आपल्या गावोगावी आता आठवडे बाजारापासून तालुक्याच्या दुकानापर्यंत हीच मशिने लेकी-सुनांना दाखवली जात आहेत, आणि “एकदाच घ्यायचे तर चांगलेच घ्या” हे वाक्य आम्ही तीन ठिकाणी ऐकले.

आधी किंमत आपल्या मापाने मोजू. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल आहे. तो पदरात पडतोच असे नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पण पडला असे धरा. ७२ हजार म्हणजे जवळजवळ ९ क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी ४ क्विंटल धरले तर सव्वादोन एकरांचा सगळा कापूस. आणि ही झाली उलाढाल. बियाणे, खत, फवारणी, खुरपणी, वेचणी वजा जाता तिसरा हिस्सा हाती राहिला असे मानले, तर पावणेसात एकरांची वर्षाची कमाई त्या टेबलावर चादरीखाली ठेवलेली आहे. मालदांडी ज्वारीत मोजायचे तर ३,७४९ च्या हमीभावाने १९ क्विंटल. घरच्या खाण्याला किती वर्षे पुरली असती, ते ज्याचे त्याने पाहावे.

साधे काळे मशीन, टेबल, लोखंडी पायडल आणि पट्ट्यासह, आम्ही विचारले तेव्हा आठ हजारांच्या आसपास पडत होते. एक क्विंटल कापूस.

आता कमाई पाहू. अस्तराच्या ब्लाउजला त्या गल्लीत ३५० रुपये मिळतात. अस्तर, हूक, धागा, वीज मिळून ९० जातात. उरले २६०. माप घेणे, कापणे, शिवणे, हातशिलाई, हूक लावणे, आणि बाईने “जरा घट्ट झालाय हो” म्हटले की उसवून परत शिवणे, हे सगळे धरून चार तास. म्हणजे तासाला ६५ रुपये. गावाकडे खुरपणीच्या रोजाशी तुलना केली तर हे बरेच बरे, आणि डोक्यावर ऊन नाही.

भरतकामाचे काय? दोन्ही बाह्यांवर एकेक छोटी नक्षी काढून द्यायचे त्या २५० रुपये घेतात. धागा आणि कापडाखाली लावायचा कडक कागद यांचे ४० गेले, उरले २१०. एका नक्षीत बारा हजार टाके असतील आणि मशीन मिनिटाला ४०० टाके घालत असेल, तर अर्धा तास नुसते मशीन चालते. पाच रंग असतील तर पाच वेळा थांबून धागा बदलायचा, कारण घरगुती मशीनला सुई एकच. कापड रिंगेत ताणून बसवायचे ते निराळे. एका बाहीला पाऊण तास, दोन्हीला दीड तास. म्हणजे तासाला १४० रुपये. ब्लाउजच्या दुपटीहून जास्त!

तेव्हा मजुरी वाईट नाही. दुकानदार खोटे बोलला नव्हता. पण त्याने न सांगितलेली गोष्ट अशी, की ही मजुरी मिळवायला गिऱ्हाईक लागते. मशीनची किंमत तीन वर्षांत वसूल करायची तर महिन्याला २,००० रुपये बाजूला काढावे लागतात. ३२ हजारांच्या उधारीवर महिना दोन टक्के व्याज धरले तर पहिल्या महिन्याला आणखी ६४०. एकूण २,६४०. भरतकामाच्या एका कामात २१० सुटतात. म्हणजे महिन्याला पहिली बारा-तेरा कामे मशीनच्याच पोटात जातात, तोपर्यंत बाईची मजुरी शून्य. त्यांना लग्नसराई सोडून महिन्याला चार-पाच कामे मिळत होती. विहिरीला चार तासांचे पाणी आणि आपण बसवली दहा अश्वशक्तीची मोटर, असा हा प्रकार.

कामे का मिळाली नाहीत याचा शोध घेतला, तेव्हा तीन कारणे दिसली. पहिले म्हणजे, घरगुती मशीनची लहान रिंग चार इंच बाय चार इंचाची असते. बाहीवरचे फूल त्यात मावते. पण आज गिऱ्हाईक मागते ते पाठीवर गळ्याभोवती फिरणारी मोठी नक्षी. ती तीन-चार वेळा कापड सोडून, परत बसवून जोडायची, आणि जोड दोरा-दोरा जुळला नाही तर ब्लाउजपीस भरून द्यायचा. दुसरे, जवळच एका दुकानात बारा सुयांचे मोठे मशीन आहे. ते रंग आपले आपण बदलते, मोठी रिंग एका दमात भरते. त्याच्या दराशी ही बाई कशी टिकणार? तिसरे, लग्नाचा भारी ब्लाउज अजूनही आरीवर हाताने भरून घेतात. मणी, कुंदन, जर लावून. त्या कामाला मशीन लागतच नाही. एक लाकडी चौकट, आरीची आकडेदार सुई आणि शिकलेला हात लागतो. गंमत पाहा: सर्वांत जास्त पैसे ज्या भरतकामाला मिळतात, त्याची अवजारे सर्वांत स्वस्त आहेत.

आणखी एक अडचण बाईंनीच सांगितली. शिलाई आणि भरतकाम एकाच मशीनवर होते हे ऐकायला छान. पण मशीन नक्षी काढत असते त्या अर्ध्या तासात त्याच्यावर शिलाई करता येत नाही. शिवाय भरतकामाचा साज काढून शिलाईचा बसवायचा, परत उलटे करायचे. म्हणून साधे मशीन त्यांना ठेवावेच लागले. एकात दोन म्हणून घेतले आणि घरात झाली दोन.

यावर कुणी म्हणेल, तुम्हाला नवे तंत्र नको आहे. तसे नाही. नवे बियाणे असो, नवे यंत्र असो, शेतकऱ्याला ते मिळालेच पाहिजे असे आम्ही मानतो. शेतकऱ्याच्या लेकीलाही मिळाले पाहिजे. मुद्दा क्रमाचा आहे. पाणी लागल्यावर मोटर घ्यायची, की मोटर घेऊन पाणी शोधायचे? ज्यांना भरतकामाचे मशीन घ्यायचेच आहे त्यांनी सहा महिने नक्षीचे काम गिऱ्हाइकाकडून घ्यावे आणि मोठे मशीन असलेल्याकडून मजुरीने करून आणावे. मधले पन्नास-साठ रुपये आपले. प्रत्येक काम वहीत लिहावे. महिन्याला वीस-पंचवीस कामे नेमाने यायला लागली तर मशीन घ्यावे, आणि तेव्हा चार इंचाचे न घेता मोठ्या रिंगेचे घ्यावे. सहा महिन्यांत कामे आली नाहीत, तर ७२ हजार वाचले. हा प्रयोग फुकट होतो.

मग पहिले मशीन कोणते? आमचे मत स्पष्ट आहे. गावात राहणाऱ्या बाईने पायडलचे काळे मशीन घ्यावे. देशी मशिने १९३० च्या दशकापासून निघत आहेत. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने ‘उषा’ काढले, पुढे लुधियानात कारखान्यांची रांग लागली. यातली बहुतेक काळी घरगुती मशिने सिंगरच्या एकाच जुन्या नमुन्यावर बेतलेली आहेत. म्हणून एकाची सुई दुसऱ्याला चालते, बॉबिन चालते, बॉबिन केस बहुधा चालते, आणि दुरुस्त करणारा तालुक्याच्या बाजारात बसलेला असतो. वीज गेली तरी काम थांबत नाही. गोधडीचे चार थर, जुन्या पँटचे कापड, बैलाची झूल, सगळे शिवते. पुढे वीज धड मिळाली तर त्यालाच छोटी मोटर बसते. बैल आणि ट्रॅक्टर दोन्ही एकाच गोठ्यात, असे समजा.

हडपसरच्या खोलीत मात्र आम्ही थोडे वेगळे सांगू. तिथे पायडलच्या टेबलाला जागा नाही, वीज बरी आहे, आणि मुख्य काम फॉल-पिकोचे आहे. साडीच्या काठाला पिको करायला सुई डावी-उजवी हलावी लागते. ती सोय साध्या काळ्या मशीनमध्ये नसते. विजेवर चालणारे, नागमोडी टीप घालणारे मशीन, ज्याला दुकानात ‘फॅशन मेकर’ म्हणतात, ते दहा-पंधरा हजारांत येते आणि काम झाले की खाटेखाली जाते. पण त्यातही दुकानदार “एकवीस प्रकारची टीप, चाळीस प्रकारची टीप” असे आकडे सांगतो त्याला भुलू नये. सरळ टीप, नागमोडी टीप आणि काज, या तिघींवर घर चालते. बाकीच्या नक्षीच्या टिपा पहिल्या आठवड्यात पोरे गंमत म्हणून उमटवून पाहतात, मग त्या बटणाला कुणी हात लावत नाही. आणि या हलक्या मशीनवर गोधडी शिवू नये. सुई मोडेल, नाहीतर आतले प्लास्टिकचे चाक जाईल.

काळ्या मशीनवर भरतकाम होत नाही, असे नव्या पोरींना वाटते. त्यांच्या आजीला विचारा. कापड पुढे सरकवणारे दाते खाली घ्यायचे किंवा वर पत्रा लावून झाकायचे, सुईचा पाय काढायचा, कापड गोल रिंगेत ढोलासारखे ताणायचे आणि दोन्ही हातांनी रिंग फिरवत सुईखाली नक्षी काढायची. एक गोष्ट लक्षात ठेवायची: पाय काढला असला तरी पाय खाली घेण्याचा दांडा खालीच हवा, नाहीतर धाग्याला ताण बसत नाही आणि खाली गुंता होतो. बोटे सुईपासून लांब. आठ-पंधरा दिवस हात वळत नाही, मग वळतो. मशीनला कॉम्प्युटर नाही, पण बाईच्या डोक्यात आहे. पहिली पाच-पंचवीस भरतकामाची गिऱ्हाइके यावरच सांभाळता येतात.

दुकानात जाताना घरचे कापड न्यावे. दुकानदार दाखवतो ते कापड मशीनला सोयीचे असते: घट्ट विणीचे, दुहेरी, कडक. आपण न्यावे पातळ सुती ब्लाउजपीस, सिंथेटिक साडीचा तुकडा, जुन्या पँटचा दुमडलेला काठ. तिन्हीवर टीप घालायला लावावी आणि टीप वरून पाहावी तशी खालूनही पाहावी. खाली धाग्याची गाठोळी दिसली तर वरचा ताण सैल आहे किंवा धागा नीट ओवलेला नाही. तो नीट करून परत घालायला सांगावे. नीट होत नसेल तर मशीन सोडावे. मग हातचाक हळूहळू फिरवून पाहावे. मध्येच जड जाते का, खटका लागतो का? सुईचा दांडा धरून हलवून पाहावा. नव्यात हलता कामा नये. जुने घेत असाल तर हीच परीक्षा आणखी कसून करावी, शटल काढून गंज पाहावा, लाकडी फळीला वाळवी लागली आहे का ते उलटे करून पाहावे. जुने मशीन घेण्यात कमीपणा नाही. तीस वर्षे चाललेले बिडाचे मशीन साफ करून, तेल घालून आणखी तीस वर्षे चालते.

सुई कापडाप्रमाणे बदलावी लागते, हे कित्येक जणींना कुणी सांगितलेलेच नसते. एकच सुई मोडेपर्यंत वापरली जाते. पातळ सिंथेटिकला ११ नंबर, नेहमीच्या सुती कापडाला १४, जाड कापडाला १६. सुई बोथट झाली की टाके चुकतात आणि आपण मशीनला शिव्या देतो. पाच-दहा रुपयांच्या सुईपायी अडीचशेचा ब्लाउजपीस खराब करू नये. आणि तेल घालायचे ते मशीनचेच. खोबरेल घालून थंडीत मशीन आखडलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. डोक्याला लावायचे तेल डोक्यालाच बरे.

आता हप्त्याविषयी. १९२४ साली गांधीजींनी यंत्रांविषयी बोलताना शिवणयंत्राला अपवाद केला होता. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने ते शोधले, त्यामागे माया आहे, असे त्यांचे म्हणणे. इतिहास थोडा रुक्ष आहे. एलियास हाऊ याने १८४६ साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले होते. सिंगरने १८५० साली बोस्टनमधल्या एका कारखान्यात दुसऱ्याचे अडखळणारे यंत्र पाहिले, त्यात सुधारणा केल्या आणि १८५१ साली स्वतःचे पेटंट मिळवले. पण यंत्र इतके महाग होते की साध्या घराला परवडेना. तेव्हा त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ साली ते हप्त्याने द्यायला सुरुवात केली आणि खप एकदम वाढला. आज फ्रिजपासून फोनपर्यंत जी हप्त्याची पद्धत चालते, ती घरोघर पसरवण्यात शिवणयंत्राचा मोठा हात आहे. हप्ता शेतकऱ्याला का जाचतो? तो महिन्याला येतो आणि आपले उत्पन्न हंगामाला येते. हडपसरला पगार महिन्याला आहे, पण शिवणाचे काम दिवाळीला, लग्नसराईला, गौरी-गणपतीला येते आणि पितृपंधरवड्यात दोन आठवडे बसून काढावे लागतात. हप्त्याला पितृपंधरवडा नसतो. म्हणून जेवढे रोख देता येईल तेवढ्याचेच मशीन, हा नियम आम्हाला बरा वाटतो. लाडकी बहीण योजनेचे २०२४ पासून महिना १,५०० रुपये ज्यांच्या खात्यात येत आहेत, त्यांनी सहा महिने त्यांना हात लावला नाही तर साध्या मशीनचे पैसे उभे राहतात.

सरकारी योजनांचाही उपयोग करून घ्यावा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यात शिंपीकाम आहे. थोड्या दिवसांचे प्रशिक्षण, त्या दिवसांचे रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतची मदत, आणि पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडूनही अनुदानावर मशिने दिली जातात. अटी आणि अर्जाच्या तारखा जिल्ह्यागणिक बदलतात, ग्रामसेवकाला धरून विचारावे. पण फोनवर फिरणारा “सर्व महिलांना मोफत शिलाई मशीन, इथे बोट दाबा, नोंदणीचे पैसे भरा” असा निरोप आला तर पुसून टाकावा. अशी केंद्राची योजना नाही, हे सरकारच्या माहिती कार्यालयाने एकदा नव्हे, अनेकदा जाहीर केले आहे.

आणि मशीनच्या आधी शिकणे. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाचे काम सुरू झाले, तिथे बायका शिवणकाम शिकल्या ते हाताला काम मिळावे म्हणून. आज उलटे होते. आधी मशीन घरात येते, मग क्लास शोधला जातो. कटोरी ब्लाउज कापता येत नसेल, तर चाळीस प्रकारची टीप घालणारे मशीन काय करील? तीन-चार महिने कुणाच्या हाताखाली कापायला शिकावे. कापणे हीच विद्या आहे, शिवणे हा सराव.

इतका हिशेब झाल्यावर आम्हाला वाटले, बाई आता भावाला किंवा स्वतःला बोल लावतील. त्यांनी तसे काही केले नाही. त्या म्हणाल्या, “काळं मशीन सासूबाईंचं. त्या अजून म्हणतात, माझं मशीन वापरतेस. हे मी माझं म्हणून घेतलं होतं.”

याला आमच्या वहीत रकाना नव्हता. आम्ही गप्प बसलो. मग बिल पाहायला मागितले, वॉरंटी किती उरली ते बघावे म्हणून. पत्र्याच्या पेटीतून त्यांनी कागद काढला. बिल नवऱ्याच्या नावावर होते. हप्त्याचा करारही त्याच्याच नावावर, कारण पगाराची पावती त्याची. पैसे भावाच्या कापसाचे, हप्ते बाईच्या ब्लाउजांचे, आणि मालकी तिसऱ्याची. नवरा भला माणूस आहे, त्याच्या हे ध्यानातही आलेले नाही. पण उद्या विकायचे ठरले तर सही त्याची लागेल. आठ हजारांचे मशीन रोखीने घेतले असते तर बिलावर बाईंचे नाव घालायला एक मिनिट पुरले असते. तुमच्या घरात मशीन येईल तेव्हा हे एक मिनिट दुकानातच काढा.

सध्या त्यांनी असे ठरवले आहे: फुरसुंगीच्या एका टेलरच्या दुकानात ते मशीन ठेवायचे, तिथे भरतकामाला येणारे काम निम्म्या वाट्याने करायचे, आठवड्यातले तीन दिवस दुपारी स्वतः जाऊन बसायचे. टेलरकडे गिऱ्हाईक आहे, याच्यापाशी मशीन नाही. दिवाळीपर्यंत महिन्याला पंधरा कामे झाली तर ठेवायचे, नाहीतर विकायचे. जुन्याला ३८ हजार द्यायला एक जण तयार आहे. भावाला अजून यातले काही सांगितलेले नाही. तो कापूस घालून झाला की भाऊबीजेला येणार आहे.